हिंमतराव सरांचा ऐच्छिक हात

अमडापूरच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या हिंमतराव भुतेकर सरांचा डावा हात सात वर्षं गळ्यातल्या झोळीत होता. त्या हाताला काही झालंच नव्हतं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. सुरुवातीला झालं होतं. चिखली रस्त्यावर संध्याकाळच्या वेळी त्यांच्या मोटारसायकलसमोर रोही, म्हणजे नर नीलगाय, आडवा आला. रोही एका शेतातून निघून दुसऱ्या शेतात गेला. सर मधेच राहिले. दंडाचं हाड मोडलं, आत धातूची पट्टी टाकावी लागली, नस चेपली गेली आणि मनगट मान टाकलेल्या कोंबडीसारखं लोंबायला लागलं. तेव्हा डॉक्टरांनी तपासून जो कागद दिला, तो अक्षर न् अक्षर खरा होता. त्यावर दिव्यांगत्व चाळीस टक्के, 'तात्पुरते' आणि खाली 'फेरतपासणीस बोलावण्यात येईल' असं लिहिलं होतं.

'बोलावण्यात येईल' हे शासकीय मराठीतलं अत्यंत शांत क्रियापद आहे. ते सात वर्षं तसंच शांत बसून राहिलं.

नस मात्र चार महिन्यांत जागी झाली. एका सकाळी सरांनी डाव्या हाताने डावा कान खाजवला, आणि आपण काय केलं हे कळल्यावर आनंदाने पुन्हा एकदा खाजवला. हा आनंद चहा येईपर्यंत टिकला. चहाबरोबर मोबाइलवर बदल्यांची यादी आली. शेजारच्या वर्गावरचे मास्तर थेट सातपुड्याच्या पायथ्याला फेकले गेले होते, जिथे एसटी दिवसातून एकदा जाते आणि मनात आलं तर परत येते. यादीत सरांचं नाव नव्हतं. कागद असलेल्यांना बदलीतून सूट होती. सरांनी चहा संपवला, हाताकडे पाहिलं आणि तो पुन्हा झोळीत ठेवला.

"एवढ्या वर्षापुरतं," ते बायकोला म्हणाले.

अनुपमाताईंनी तेव्हा मान डोलावली होती. दीड एकरात वांगी लागली होती, विहिरीला पाणी होतं; हे सगळं सोडून डोंगरात कोण जाणार? नाटकाला दोघांची संमती होती. प्रयोग मात्र एकट्याने करायचा होता.

हात न हलवणं हे काम ऐकायला सोपं वाटतं. एखाद्याने एक दिवस करून पाहावं. डाव्या हातावर बसलेला डास उजव्या हाताने मारायला आधी डास बसलाय हे डाव्या हाताला कळलं नाही असं दाखवावं लागतं. लग्नात टाळ्या वाजवायच्या वेळी सर उजव्या हाताने मांडी वाजवायचे. नमस्कार अर्धा करायचे. समोरचा माणूस उरलेला अर्धा मनात जोडून घ्यायचा. एकदा परिपाठ चालू असताना फळ्याचा स्टँड कलंडला आणि डावा हात झोळीतून निम्मा बाहेर आला. सरांनी ताबडतोब "आई गं!" म्हणून तो आत नेला आणि उरलेला दिवस सचोटीने वेदनेत काढला.

हाताला अगदीच गंज चढू नये म्हणून पहिली दोन-अडीच वर्षं ते सकाळी न्हाणीत दार लावून हात वर-खाली करायचे. न्हाणीला छप्पर नव्हतं. मग शेजारच्या अन्नपूर्णाबाईंनी माडी चढवली. माडीवर त्या उन्हाळ्यात पापड वाळवायच्या, पावसाळ्यात पाऊस पाहायच्या आणि हिवाळ्यात ऊन खायच्या. सरांचा हात दिसला की त्यांचा जीव कळवळायचा. दर पंधरा दिवसांनी लसूण कढवलेलं तेल वाटीतून यायचं. "सर, लावत जा बरं. देव एखाद्या दिवशी हलवीन तुमचा हात," त्या म्हणायच्या. इतक्या मायेने पाहणाऱ्या बाईसमोर हात हलवणं सरांना कृतघ्नपणाचं वाटलं. न्हाणीतला व्यायाम बंद झाला.

पाचव्या वर्षी सरांच्या लक्षात आलं, की आता हात आवरावा लागत नाही. डास बसला तरी तो गप्प. स्टँड पडला तरी तो झोळीतच. सरांना स्वतःच्या अभिनयाचं मोठं कौतुक वाटलं.

"अंगात मुरलं बघ," ते अनुपमाताईंना म्हणाले.

अनुपमाताई तेव्हा वांग्यांचं भरलेलं क्यारेट एकटीने ओट्यावर चढवत होत्या. त्यांनी पुढचं उचललं. बोलायला दम लागतो.

सातवीच्या पुस्तकात स्नायूंचा धडा दरवर्षी येतो. सर तो घाईघाईने उरकायचे. या वर्षी मात्र वरून पाहुणे शाळा तपासायला येणार म्हणून नीट शिकवावा लागला.

"स्नायू तीन परकारचे," सरांनी फळ्यावर उजव्या हाताने आकृती काढली. "एक, हाडायले चिकटलेले. लांब लांब तंतू, त्याच्यावर आडवे पट्टे. मेंदूनं हुकूम देला की आखडतात, नाही देला की पडून राह्यतात. तुमच्या मर्जीवर चालतात म्हणून यायले म्हणतात ऐच्छिक. दुसरे मृदू स्नायू. पट्टे नाही, दोन्ही टोकायले निमुळते. जठरात, आतड्यात, रक्ताच्या नळ्यायमधी. ते तुमाले विचारत नाही. तुमी भाकर गिळली की पुढचं त्यायचं ते पाह्यतात. आन तिसरा हृदयाचा. याच्यावर पट्टे हायेत ऐच्छिकासारखे, पण हुकूम कोनाचाच ऐकत नाही. तंतूले फांद्या फुटलेल्या, एकमेकायत गुतलेल्या; एकानं ठोका देला की सगळे देतात. जन्मल्यापासून एक सुट्टी नाही."

"सर, रविवारी बी नाही?" मागून कोणीतरी विचारलं.

"नाही."

पुढच्या बाकावरच्या पूनमने हात वर केला. ही मुलगी प्रश्न विचारताना कधीच हसायची नाही, म्हणून जास्त धोकादायक होती.

"सर, तुमचा डावा हात ऐच्छिक हाये का अनैच्छिक?"

"ऐच्छिकच."

"मंग तुमची इच्छा नाही का?"

सरांनी पुस्तक मिटलं आणि सगळ्यांना मागच्या धड्याची उजळणी करायला लावली. चाचणीत पूनमने लिहिलं: 'ज्यांची इच्छा असेल तरच जे काम करतात त्यांना ऐच्छिक म्हणतात. उदा. सर.' सरांनी पूर्ण गुण दिले. कमी द्यायला त्यांना कारण सापडलं नाही.

त्याच आठवड्यात ते क्रियापद जागं झालं. सूट घेतलेल्या सगळ्या शिक्षकांनी फेरतपासणीसाठी बुलडाण्याला हजर राहावं. कागद खोटा निघाल्यास निलंबन आणि पुढे गुन्हा. पत्र तीन ओळींचं होतं. सरांनी ते सात वेळा वाचलं, तरी तीनच ओळी निघाल्या.

"आता कसं करता?" अनुपमाताईंनी विचारलं.

"कराचं काय त्यात? सात वर्सं केलं तेच. हातच उचलाचा नाही."

"आन त्यायनं उचलला तं?"

"ढिला सोडीन. मले जमते ते. डाव्या हाताचा मळ हाये."

"अवो, मी एक सांगू का?" अनुपमाताईंनी पदराने हात पुसले. "खरं सांगून टाका. बरा झाला म्हना. देतीन डोंगरात तं देऊ द्या, मी येतो संग. तिथं काय मानसं राह्यत नाहीत?"

"नोकरी जाईन, बाई!"

"जाऊ द्या. सात वर्सं झाले, एका हाताच्या मानसाचा संसार मी दोन हातानं करून राह्यली. पानी मी आनाचं, ठिबकच्या नळ्या मी वढाच्या, क्यारेट मी उचलाचे. आन मानूस तं खरा दोन हाताचा! मले तुमची बदली नाही पाह्यजे आन सूट बी नाही. मले तो हात पाह्यजे."

सरांनी झोळीची गाठ घट्ट केली. एका हाताने गाठ मारण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

तपासणीच्या दिवशी दोघं सकाळच्या गाडीने निघाले. अनुपमाताई सरकारी दवाखान्याच्या फाटकापाशी थांबल्या, सर आत गेले. व्हरांड्यात रांग लागली होती. जिल्ह्यातले कितीतरी गुरुजी एका ओळीत उभे होते आणि प्रत्येक जण दुसऱ्याचं दिव्यांगत्व डोळ्यांनी मोजत होता. सरांच्या पोटात मृदू स्नायूंनी कामाला सुरुवात केली. छातीतल्या स्नायूचं तर काही विचारूच नका. तो एरवीही हुकूम ऐकत नव्हता, आज त्याने ऐकू येईल इतका आवाज लावला. तिन्ही प्रकारांपैकी सरांच्या मर्जीत उरला होता तो फक्त झोळीतला हात. तो मात्र अगदी शांत होता. सरांना त्याचा अभिमान वाटला.

रांगेतल्या एकमेव बाकावर रोहिणखेडचे राम मास्तर बसले होते. उजव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट, बाजूला कुबडी. सरांना पाहताच ते कुबडीवर जोर देऊन उठले.

"बसा सर. हात अवघडला असन तुमचा."

"नाही नाही, तुमी बसा. मी ठीक हावो."

"अरे बसा हो! मी सकाळपासून बसूनच राह्यलो." त्यांनी सरांना बाकावर बसवलंच. "मले सवय हाये याची. हे चौथ्यांदा."

"चौथ्यांदा काऊन?"

"खोटे घुसले ना सर आपल्यात." 'आपल्यात' हा शब्द राम मास्तरांनी अगदी सहज वापरला. "मी तीन वर्साचा होतो तवापासून हा पाय असा हाये. पायाले मालूम हाये, मले मालूम हाये, गावाले मालूम हाये. तरी कोन्या एकानं लबाडी केली की आमाले दहा जनायले पुन्हा उभं करतात. दाखवा पाय, काढा बूट, चाला पाच पावलं. लाज वाटते हो. पाय असा हाये त्याची नाही वाटत, दाखवाची वाटते." मग ते हसले. "तुमाले तं ठाऊकच हाये."

 सरांना बाक भाजल्यासारखा झाला. उठावं तर राम मास्तर पुन्हा बसवणार. बसावं तर ते समोर कुबडीवर उभे. तेवढ्यात आतून नावाचा पुकारा झाला. दारापर्यंतच्या सात-आठ पावलांत सरांनी ठरवून टाकलं.

आत टेबलामागे डॉ. सुचिता नावाच्या बाई होत्या. समोर संगणक, हातात शिंप्याकडे असते तसली टेप.

"मॅडम," सर उभ्यानेच म्हणाले, "माझा हात चांगला आहे."

बाईंनी वर पाहिलं. "सकाळपासून असं सांगणारे तुम्ही पहिले. झोळी काढा. हात वर करा."

सरांनी झोळी काढली. मेंदूने हुकूम दिला. हात पँटच्या पट्ट्यापासून छातीपर्यंत आला आणि थांबला. खांदा मात्र कानापर्यंत गेला. सरांनी पुन्हा हुकूम दिला. हात तिथेच.

"मॅडम, एक मिनिट. जातो तो. आता... एक मिनिट."

त्यांनी दात आवळले. कपाळावर घाम आला. ज्याला पाढे येतात म्हणून आपण सगळ्यांना सांगितलं, तोच पोरगा ऐन तपासणीत फळ्यापुढे गप्प उभा राहावा, तसे ते हाताकडे पाहत राहिले. आपण तो वर शेवटचा कधी केला होता? त्यांनी आठवून पाहिलं. अन्नपूर्णाबाईंच्या माडीचा स्लॅब टाकायच्या आधी.

बाईंनी हात धरून वर न्यायचा प्रयत्न केला. सर ओरडले. या वेळी ओरडण्यात काही अभिनय नव्हता. कोपर सरळ होईना, खांदा एका ठिकाणी अडकून बसलेला. बाईंनी टेप काढून दोन्ही दंड मोजले.

"उजवा सत्तावीस. डावा बावीस."

"मॅडम, मी नाटक करत होतो," सर म्हणाले. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. रोही, चहा, यादी, न्हाणी, माडी, लसणाचं तेल. बाई ऐकत होत्या आणि कोन मोजत होत्या.

"हात न हलवण्याचं नाटक करता येतं," शेवटी त्या म्हणाल्या. "घेराचं करता येत नाही. तुम्ही काय शिकवता?"

"विज्ञान."

"मग मी काय सांगणार? काम मिळालं नाही की तंतू बारीक होत जातात. सांध्याचं आवरण आकसून चिकटतं. हृदयाचं बरं आहे, ते मालकाला विचारत नाही म्हणून चालू राहतं. हा बिचारा विचारणारा निघाला. सात वर्षं विचारत असेल."

सर खुर्चीत बसले. "म्हणजे माझ्यावर गुन्हा?"

"तो रकाना माझ्याकडे नाही. माझ्याकडे कोन आणि टक्के आहेत." बाईंनी आकडे भरले. "त्रेचाळीस. मागच्यापेक्षा तीन जास्त."

"बरा होईल का?"

"बराचसा. भिंतीवर बोटं सरकवत रोज वर न्यायची. वर्षभर. दुखेल, रडाल. पण मग टक्के चाळीसच्या खाली येतील, तुमचा कागद जाईल, सूट जाईल. आत्ताच सांगा, काय लिहू? कायमस्वरूपी लिहिलं तर पुन्हा कोणी बोलावणार नाही. तात्पुरतं लिहिलं तर वर्षाने माझ्यासमोर."

सरांच्या सेवेची अकरा वर्षं उरली होती. अकरा वर्षं अमडापूर, मागे वांगी, वर अन्नपूर्णाबाई. बाहेर कुबडीचा टकटक आवाज झाला.

"तात्पुरतं," सर म्हणाले. जीभही ऐच्छिक स्नायूंचीच असते, आणि आज तरी तिने हुकूम पाळला.

बाईंनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं.

"घेत नाही."

"काय घेत नाही?"

"तात्पुरतं. तुमची मूळ तारीख सात वर्षांपूर्वीची आहे. पाचच्या पुढे गेलं की आपोआप कायमस्वरूपी होतं."

"पण ते ऐच्छिक असेल ना, मॅडम?"

"सर्व्हर आहे," बाई म्हणाल्या.

छपाईयंत्राने कागद बाहेर ढकलला. त्यालाही कोणी विचारलं नव्हतं.

सर झोळी पुन्हा गळ्यात घालून बाहेर आले तेव्हा राम मास्तर आत जात होते. "झालं का सर?" त्यांनी विचारलं. सरांनी कागद घडी करून खिशात टाकला. त्यांचे पाय व्हरांड्यातून निघेनात. पाच मिनिटांत राम मास्तर हसत बाहेर आले.

"माह्या बोटाचा ठसा घेईना मशीन. पुढच्या गुरुवारी बोलावलं. चाला, पाचव्यांदा!"

ते कुबडी टेकत निघून गेले. सरांना त्यांच्या मागे जाऊन काहीतरी सांगायचं होतं. काय सांगायचं होतं ते त्यांना फाटकापर्यंत सुचलं नाही.

"काय झालं?" अनुपमाताई पुढे आल्या.

"कायम झालो."

अनुपमाताईंनी त्यांच्या खिशातून कागद काढला आणि वाचला. "म्हंजे तुमी खोटं बोलले आन ते खरं निंघालं?"

"नाही. खरं बोललो, तं ते खोटं निंघालं. हात उचलतच नाही, अनुपमा. मी लय हुकूम देले."

त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली. मग त्यांनी तो ब्लाउजमध्ये ठेवला, हात वर केले आणि सरांच्या गळ्यातून झोळी काढून घेतली. भर फाटकात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर.

"अवं, लोक पाहून राह्यले!"

"पाहू द्या. आता कायम हाये ना? कोन काय करते तुमचं?"

"आन बरा झाला तं?"

"मंग मीच येईन कागद वापस कराले. मशीन घेत नसन तं टेबलावर ठेवून येईन." त्यांनी पाण्याची बाटली आणि डब्याची पिशवी सरांच्या डाव्या हातात अडकवली. "धरा."

बोटं एकेक करून मिटली. करंगळी सगळ्यात शेवटी. कोपरापासून खांद्यापर्यंत कळ गेली.

"दुखते."

"दुखू द्या. चाला."

एसटी स्टँड लांब नव्हतं. पिशवी पहिल्या चौकापर्यंत टिकली. तिथे ती सुटली, डबा रस्त्यावर वाजला आणि बाटली घरंगळत गटाराच्या कडेला जाऊन थांबली. सरांनी उजवा हात पुढे केला; तो अनुपमाताईंनी मधेच धरून ठेवला.

त्या थांबल्या होत्या. वाकल्या मात्र नाहीत.